बारा शब्दांची राखण

बिटकॉइनच्या 'वॉलेट'ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आम्हांला या विषयात शिरताना प्रथम पडला आणि पुढचे बहुतेक प्रश्न त्याच्याच पोटातून निघाले. पैसे ठेवण्याच्या जागांना मराठीत शब्दांची वाण नाही. पाकीट आहे, बटवा आहे, कमरेचा कसा आहे, दुकानदाराचा गल्ला आहे, उतरंडीतले गाडगे आहे आणि श्रीमंतांची तिजोरीही आहे. यांतील प्रत्येक शब्द एक गोष्ट गृहीत धरतो, ती ही की पैसा आत आहे. पाकीट हरवले तर पैसा हरवतो, पाकीट सापडले तर तो सापडतो. बिटकॉइनच्या वॉलेटात मात्र बिटकॉइन नसते. त्यात असतात फक्त किल्ल्या. तेव्हा 'वॉलेट' हा शब्द इंग्रजीतच थोडा फसवा आहे, आणि आपण त्याचे 'पाकीट' केले की ती फसवणूक मराठीत आणून वर घरचे कपडे चढवल्यासारखे होते. नेमका शब्द हवा असेल तर 'जुडगा' हा जवळचा. सासूने सुनेच्या हाती देण्याचा, कमरेला खोचण्याचा किल्ल्यांचा जुडगा. पण रूढ झालेल्या शब्दाशी भांडण्यात अर्थ नसतो, म्हणून आम्ही पुढे 'वॉलेट' असेच लिहितो. वाचकांनी मनात जुडगा धरावा.

आम्ही दोघे, म्हणजे पती-पत्नी, मराठीचे एम. ए. आणि दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवणारे. राहणे सौंदडला. गोंदिया जिल्ह्यातले हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे आणि गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे स्थानकही. पण गावाचे खरे वेळापत्रक धानाचे आहे. अशा ठिकाणच्या मराठीच्या प्राध्यापकांना बिटकॉइनशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला भ्रमणध्वनीवरून कोणीतरी 'कॉइन'च्या योजनेत ओढत होते. दरमहा ठरावीक परतावा, आणखी दोघे आणले तर वर कमिशन. तो विचारायला आला, "सर, मॅडम, टाकू का पैसे?" आम्ही नको म्हणालो. त्याने कारण विचारले. 'आम्हांला ते कळत नाही' हे कारण प्रामाणिक होते, पण पुरेसे नव्हते. विद्यार्थ्याच्या प्रश्नाला अज्ञानाच्या आधारे नकार देणे शिक्षकाला शोभत नाही. म्हणून ठरवले की योजनेबिजनेत न शिरता, पाच हजार रुपयांचे खरे बिटकॉइन घ्यायचे आणि ते एक हंगामभर, पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंत, स्वतः सांभाळून पाहायचे. पाच हजार हा आकडा आम्ही मुद्दाम निवडला. गेला तर जेवणाचे ताट बदलणार नाही, आणि राहिला तर सांभाळण्याची काळजी वाटेल इतका तो मोठा होता.

'मंग पैसे राह्यतेत कुठी, सर?' हा त्याचा पुढचा प्रश्न होता, आणि तोच मुळाचा प्रश्न आहे. आम्ही त्याला सातबाऱ्याचे उदाहरण दिले. बांधी कोणाच्या खिशात नसते. ती जागच्या जागी असते. आपल्याकडे असतो तो तिच्यावरचा हक्क, आणि तो हक्क तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, दप्तरात नोंदलेला असतो. बिटकॉइनही असेच एक दप्तर आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी त्याचा आराखडा प्रसिद्ध केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याचे पहिले पान लिहिले गेले. हे दप्तर एका कचेरीत नाही. जगभरच्या हजारो संगणकांवर त्याच्या नकला आहेत आणि त्या सतत एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत असा नियम आहे. एका बिटकॉइनच्या दहा कोटीव्या भागाला 'सातोशी' म्हणतात, त्यामुळे पाच हजार रुपयांतही माणूस त्या दप्तरात येऊ शकतो. फरक फेरफाराचा आहे. सातबाऱ्याच्या फेरफाराला नोटीस निघते, हरकत घेता येते, वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. बिटकॉइनच्या दप्तरात ज्याच्याकडे किल्ली तो फेरफार करतो, आणि एकदा नोंद पक्की झाली की ती मागे फिरवणारा अधिकारीच नसतो. किल्ली चोराच्या हाती गेली तर दप्तराच्या दृष्टीने चोरच मालक.

म्हणून नवख्याची पहिली निवड कंपनीची किंवा ॲपची नसते. किल्ली दुसऱ्याकडे ठेवायची की आपल्याकडे, हे त्याने आधी ठरवायचे असते. बिटकॉइन विकत घेण्यासाठी आपण बहुधा एखाद्या एक्स्चेंजवर खाते काढतो. पॅन आणि आधार देतो, बँकेतून पैसे भरतो, आणि पडद्यावर आपल्या नावापुढे आकडा दिसू लागतो. पण किल्ली एक्स्चेंजकडे असते. आपल्याकडे असतो तो एक्स्चेंजने दिलेला शब्द. गावात हा व्यवहार नवा नाही. सोनाराकडे ठेवलेला डाग, पतसंस्थेतली ठेव, भिशी चालवणाऱ्या ताईंकडे दिलेले पैसे, सगळीकडे आपण माणसावर विश्वास ठेवतो, आणि बहुतेक वेळा तो विश्वास खरा ठरतो. ठरत नाही तेव्हाच्या कथाही गावाला पाठ असतात.

या नव्या क्षेत्रातही अशा कथा साचल्या आहेत. टोकियोतील माउंट गॉक्स हे एकेकाळी जगातील सर्वांत मोठे एक्स्चेंज होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते कोसळले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. आपल्याकडचे उदाहरण वझीरएक्सचे. १८ जुलै २०२४ रोजी या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून तेवीस कोटी डॉलरहून अधिक किमतीची चलने चोरीला गेली. चोरी इथेरियमच्या जाळ्यावरच्या साठ्याची होती; पण दारे बंद झाली ती सर्वच ग्राहकांना. सिंगापूरच्या न्यायालयातील प्रक्रिया पार पडून व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्याच महिन्यात, याच प्रकरणातून निघालेल्या एका अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने म्हटले की क्रिप्टोचलन ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण करता येते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या वाक्यातल्या 'विश्वस्त' या शब्दाकडे पाहावे. न्यायालयाने दिलेला दिलासा मोठा आहे. पण जिथे विश्वस्त आहे तिथे विश्वासाचा प्रश्न आहेच.

किल्ली आपल्याकडे ठेवायची म्हटले की दोन वाटा दिसतात. एक, भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर चालणारे वॉलेट. ते फुकट असते आणि वापरायला सोपे. पण ज्या यंत्रावर आपण दिवसभर आंतरजालावर भटकतो त्याच यंत्रात किल्ली राहते. दुसरी वाट म्हणजे केवळ किल्ली सांभाळण्यासाठी बनवलेले लहानसे उपकरण, ज्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. २०१४ साली चेक प्रजासत्ताकातून ट्रेझर आले, पुढे फ्रान्सचे लेजर आले. यात सही उपकरणाच्या आत होते, किल्ली बाहेर येत नाही. मात्र त्याला काही हजार रुपये पडतात. पाच हजारांच्या राखणीसाठी तेवढ्याच किमतीचा राखणदार नेमणे हा व्यवहार कोणताही शेतकरी हास्यास्पद ठरवील. तेव्हा आम्ही रकमेप्रमाणे वाट निवडली: भ्रमणध्वनीवरचे साधे, फक्त बिटकॉइनचे वॉलेट, ज्याचा कार्यक्रम कोणालाही वाचता-तपासता येईल असा खुला आहे. रक्कम कधी वर्षाच्या पगाराशी तुलना करण्याजोगी झाली तर उपकरण घ्यावे, तेही थेट बनवणाऱ्याकडून किंवा त्याने नेमलेल्या विक्रेत्याकडून, जुने कधीच नाही.

ॲप उतरवून घेतानाही थोडी पाठचिकित्सा लागते. एकाच नावाची, एकाच चिन्हाची दोन-तीन ॲप समोर येतात. त्यांतली खरी प्रत कोणती? आम्ही शोधयंत्राच्या वरच्या जाहिरातींवर न जाता मूळ संकेतस्थळाचा पत्ता अक्षर-अक्षर लावून तपासला आणि तिथल्या दुव्यावरूनच गेलो. ही सावधगिरी अनाठायी नाही. इलेक्ट्रम हे २०११ पासूनचे नावाजलेले वॉलेट. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या वापरकर्त्यांना वॉलेटच्या आतच 'नवी आवृत्ती घ्या' असा बनावट संदेश दिसू लागला आणि ज्यांनी ती 'आवृत्ती' घेतली त्यांची बिटकॉइन गेली. जुन्या पोथीच्या समासात कोणीतरी मागाहून घुसडलेल्या ओळीला आपण प्रक्षेप म्हणतो. इथला प्रक्षेप पैसे घेऊन जातो.

ॲप उघडले, 'नवे वॉलेट' निवडले, आणि पडद्यावर बारा इंग्रजी शब्द उमटले. त्यांना एकमेकांशी काही देणेघेणे नव्हते. वाक्य होत नव्हते, अर्थ लागत नव्हता, यमक तर नव्हतेच. हे बारा शब्द, याच क्रमाने, म्हणजे तुमचे वॉलेट. यांतून गणिताने सर्व किल्ल्या पुन्हा घडवता येतात. भ्रमणध्वनी चुलबंदच्या पात्रात पडला तरी चालेल, शब्द राहिले की सगळे राहिले. शब्द गेले आणि भ्रमणध्वनीही गेला, तर जगातील कोणतीही कचेरी तुम्हांला मदत करू शकत नाही. शब्द दुसऱ्याला कळले, तर तोही तुमच्याइतकाच मालक.

मराठीच्या शिक्षकांना याहून चकित करणारे काय असेल? शब्दांनाच धन म्हणण्याची आपली परंपरा आहे. ते आम्ही वर्षानुवर्षे रूपक म्हणून शिकवत आलो. इथे ते शब्दशः खरे होऊन समोर बसले होते.

हे शब्द एका ठरलेल्या यादीतून येतात. २०१३ साली ठरलेल्या या पद्धतीत २०४८ शब्दांची यादी आहे. बारा शब्दांच्या जुळण्या इतक्या होतात की एकावर अडतीस शून्ये दिली तरी ती संख्या अपुरी पडते. शिवाय शेवटच्या शब्दात आधीच्या शब्दांचा एक छोटा ताळा लपवलेला असतो, त्यामुळे लिहिण्यातली चूक बहुधा लगेच पकडली जाते. इंग्रजी यादी 'अबँडन'ने सुरू होते आणि 'झू'ने संपते. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे दुसऱ्या कोणत्याही शब्दाशी जुळत नाहीत, म्हणून चार अक्षरांवरूनही शब्द ओळखू येतो. आम्ही ती यादी कोशासारखी वाचून काढली. तिच्यात 'राइस' आहे, 'पाँड' आहे, 'फॉरेस्ट' आणि 'व्हिलेज' आहेत, म्हणजे आमचा अर्धा जिल्हा आहे. 'पोएम' आहे, 'पोएट' आहे, आणि जवळच 'पोलीस'ही आहे. 'ट्रस्ट' आहे, 'मेमरी' आहे आणि 'फर्गेट'देखील.

इंग्रजीशिवाय जपानी, कोरियन, चिनी, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज या भाषांच्या याद्या त्या पद्धतीत आहेत. भारतीय भाषा एकही नाही. प्रथम वाईट वाटले. मग आम्ही स्वतःच वहीवर मराठी यादी करू लागलो, आणि अडचण कळली. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर' यांपैकी दोन्ही ठेवता येत नाहीत. एका वेलांटीने वॉलेट हुकेल. 'पऱ्हे'मधला ऱ्ह संगणकावर एकाहून अधिक रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना तो सारखा दिसतो, यंत्राला वेगळा. अनुस्वार की परसवर्ण, हा वाद इथे व्याकरणाच्या तासापुरता राहत नाही. मराठी यादी होणे अशक्य नाही, पण ती करणाऱ्याला शुद्धलेखनाचे नियम, लिपी आणि बोली तिन्हींचे भान लागेल. हे काम मराठीच्या विभागांनी करण्याजोगे आहे. तोवर इंग्रजी न येणाऱ्या झाडीपट्टीतल्या माणसाला आपल्याच पैशाची किल्ली अनोळखी अक्षरांत उतरवून घ्यावी लागणार, आणि जो दुसऱ्याकडून उतरवून घेतो त्याची किल्ली दुसऱ्याला कळते.

मग आपल्याला पाठ असलेलेच काहीतरी किल्ली म्हणून का वापरू नये, असा विचार आमच्याही मनात डोकावला. ओवी आहे, अभंग आहे, आजीच्या जात्यावरचे गाणे आहे. असा प्रयोग बिटकॉइनच्या सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळांनी केला होता. मनातले वाक्य द्यायचे, त्यातून गणिताने किल्ली बनवायची, आणि कागदच ठेवायचा नाही. पण चोरांनीही ग्रंथ गोळा केले. गाणी, वचने, कवितांच्या ओळी, धर्मग्रंथ यांतले वाक्य न् वाक्य यंत्राला देऊन ते किल्ल्या लावून पाहू लागले आणि अशी अनेक वॉलेटे रिकामी झाली. २०१५ साली एका सुरक्षा-संशोधकाने हे किती सोपे आहे हे जाहीरपणे दाखवल्यावर ही वाट जाणकारांनी सोडून दिली. आम्हांला यात साहित्याविषयीच काही सांगितल्यासारखे वाटले. कवितेची ओळ जितकी चांगली तितकी ती अधिक लोकांच्या ओठी जाते. तिचे सामर्थ्य सर्वांची होण्यात आहे. गुपिताचे सामर्थ्य कोणाचेही न होण्यात. म्हणून किल्लीचे शब्द अर्थशून्यच असले पाहिजेत आणि ते निवडण्याचे काम माणसाने करूच नये. माणूस निवडू लागला की त्याच्या आवडीनिवडी येतात, आणि आवडी ओळखता येतात.

मग ते शब्द जपायचे कसे? आम्हांला आठवले ते 'लीळाचरित्र'. म्हाइंभटांनी मोठ्या कष्टाने गोळा केलेल्या लीळांची मूळ पोथी खालशाच्या धाडीत गहाळ झाली आणि पुढे भक्तांच्या स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली, असे पंथाची परंपरा सांगते. त्यामुळे पाठ अनेक झाले. आम्ही वर्गात पाठभेदांची श्रीमंती समजावून सांगतो. प्रत्येक पाठात एखादी वेगळी छटा सापडते. बारा शब्दांना पाठभेद चालत नाही. एक शब्द मागेपुढे झाला तर हाती उरते ते शून्य. झाडीपट्टीच्या नाटकात नट अडला तर प्रॉम्प्टर असतो; इथे प्रॉम्प्टर नाही. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर योजून लिहिले. गुप्ततेसाठी लिहिले की पावित्र्यासाठी, यावर मतभेद आहेत. पण त्या लिपीची किल्ली पंथाबाहेर कोणाला ठाऊक नसल्याने कित्येक शतके मराठीचे केवढे तरी गद्य मराठी वाचकांनाच बंद राहिले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा ते दार उघडले. धाडीत हरवलेली पोथी आणि लिपीत अडकलेली पोथी, या दोन्ही कथा वॉलेट बाळगणाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. एकच प्रत ठेवली तर पहिली गत होते. फारच गुप्त ठेवले तर दुसरी, आणि बिटकॉइनच्या बाबतीत राजवाडे येणार नाहीत.

प्रत्यक्ष काम आम्ही मुद्रितशोधनाच्या जुन्या शिस्तीने केले. पडद्याचे छायाचित्र घेतले नाही, कारण छायाचित्रे आपोआप कुठल्या दूरच्या संगणकावर जातात ते आपल्याला कळत नाही. ईमेल नाही, व्हॉट्सॲप नाही, संगणकावरची टाचण नाही. एकाने कागदावर क्रमांक घालून शब्द लिहिले, दुसऱ्याने कागदावरून वाचले, पहिल्याने पडद्यावर ताडले. मग एक्स्चेंजवरून आधी अगदी थोडी रक्कम वॉलेटच्या पत्त्यावर पाठवली. पाठवताना पत्त्याची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे दोनदा मिळवून पाहिली, कारण पत्ता चिकटवताना तो गुपचूप बदलणारे विषाणू असतात. नंतरची पायरी नवखे बहुधा वगळतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. आम्ही ॲप पूर्णपणे पुसून टाकले आणि कागदावरच्या शब्दांतून वॉलेट पुन्हा उभे केले. रक्कम जागेवर दिसली. त्यानंतरच उरलेली पाठवली. प्रत खरी आहे की नाही हे तिच्यावरून वाचून पाहिल्याखेरीज कळत नाही. नवख्यांनी हेही ध्यानात ठेवावे की प्रत्येक पाठवणीला शुल्क पडते. दर आठवड्याला शंभर-शंभर रुपये हलवत बसले तर राखणीतच पीक जाते.

कागद मात्र आमच्या भागात फार विश्वासाचा नाही. चार महिने पाऊस, दमट भिंती, वाळवी. जगभर लोक शब्द पोलादाच्या पट्टीवर कोरून ठेवतात, ते ठीकच आहे. आपल्याकडे प्रत्येक भांड्यांच्या दुकानात ताटावर नाव घालून देणारा असतो. पण त्याला हे बारा शब्द सांगायचे म्हणजे किल्ली त्याच्याच हाती देणे. आम्ही अक्षरांचे पोलादी ठसे आणले आणि परातीच्या जाडीच्या पत्र्यावर रविवारी दुपारी हातोडीने शब्द ठोकले. शेजारी विचारायला आले, काय चालले आहे. विदर्भाच्या मातीत वाकाटकांचे ताम्रपट सापडले आहेत. जमिनीचा हक्क धातूवर कोरून ठेवण्याची रीत इथे दीड हजार वर्षांची आहे. ताम्रपट दाखवण्यासाठी असे, आमचा पत्रा लपवण्यासाठी आहे, एवढाच फरक.

पत्रा घरात, आणि लाखेने बंद केलेला कागद बँकेच्या लॉकरमध्ये. बँकेशिवायच्या पैशाची किल्ली शेवटी बँकेतच, याचे आम्हांलाही हसू आले. पण आग आणि पूर एका वेळी दोन ठिकाणी सहसा येत नाहीत. निम्मे शब्द इथे आणि निम्मे तिथे, अशी युक्ती कित्येकांना सुचते. ती वरवर हुशारीची दिसते. परंतु कोणताही एक भाग हरवला की सगळे जाते, आणि एक भाग सापडलेल्या चोराचे काम मात्र पुष्कळ हलके होते. रक्कम मोठी असेल तर तीन किल्ल्यांपैकी दोन लागतील असे वॉलेट करता येते. बचत गटाच्या खात्याला अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, तसेच ते. पण वझीरएक्सचे ते वॉलेटही अनेक सह्यांचेच होते; सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसले एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. कोऱ्या कागदावर अंगठा देणाऱ्या कुळाची ही नवी आवृत्ती म्हणायची. सह्या कितीही असोत, वाचल्याशिवाय केलेली सही राखण करीत नाही.

शब्द कोणाला सांगायचे नाहीत, हे सगळेच बजावतात. ते किती कडकपणे पाळायचे, हे पुण्यातील प्रकरणावरून कळावे. गेनबिटकॉइन ही २०१५च्या सुमाराची योजना. अठरा महिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष तिने दाखवले. तिचा सूत्रधार अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. कथेचा पुढचा भाग आमच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. या तपासात तांत्रिक साहाय्यासाठी घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधले चलन त्यांनी स्वतःकडे वळवले, असा त्यांच्यावर आरोप आहे. आरोप म्हणजे सिद्धता नव्हे. पण किल्ली अशी वस्तू आहे की ती चांगल्या कामासाठी हाती घेतलेल्या माणसाबद्दलही संशय उभा राहू शकतो. तेव्हा 'मदत केंद्रा'तून आलेला फोन असो की अधिकाऱ्याचा आव आणणारा संदेश असो, बारा शब्द मागणारा माणूस चोरच समजावा. 

सर्वांत कठीण प्रश्न उरला तो आमच्या मागचा. बँकेच्या ठेवीला नामनिर्देशित व्यक्ती नेमता येते. या वॉलेटला तसा रकाना नाही. क्वाड्रिगासीएक्स या कॅनडातील एक्स्चेंजचा तरुण संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला आला असताना मरण पावला, आणि किल्ल्या त्याच्या एकट्याकडेच होत्या असे कंपनीने जाहीर केले. पुढे २०२०च्या चौकशीत दिसले की ग्राहकांचे बहुतेक पैसे त्याने आधीच गैरव्यवहारात उडवले होते. पण मधल्या काळात जगाने जी गोष्ट खरी मानली, ती मानण्याजोगी होती हेच भीतिदायक आहे.

यावर आमच्या दोघांत एकमत नव्हते, अजूनही पूर्ण नाही. एकाचे म्हणणे, मुलीला शब्द आताच सांगावेत. घरात गुपिते कशाला? दुसऱ्याचे म्हणणे, वसतिगृहात राहणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीवर न हरवण्याची जबाबदारी कशाला लादावी? मुलगी स्वतः म्हणाली, "आई, शब्द नका सांगू, कुठे आहेत ते सांगा." तोडगा तिनेच काढला. आम्ही तिला एक पत्र लिहिले. त्यात बारा शब्दांपैकी एकही नाही. वॉलेट म्हणजे काय, कोणते ॲप, शब्द कोणत्या दोन जागी आहेत, ते कोणालाही वाचून दाखवायचे नाहीत, घाई करायची नाही, आणि विकले तर नफ्यावर तीस टक्के कर असतो व विक्रीच्या रकमेतून एक टक्का आधीच कापला जातो, हे २०२२ पासूनचे नियम आहेत, तेव्हाचे नियम तेव्हा पाहावेत. इतके सारे त्यात आहे.

विद्यार्थ्याने योजनेत पैसे टाकले नाहीत. त्याला आम्ही शेवटी तीन प्रश्न दिले: किल्ली कोणाकडे आहे, परतावा कोणाच्या खिशातून येतो, आणि तू हवे तेव्हा ते सारे स्वतःच्या पत्त्यावर काढून घेऊ शकतोस का. त्याने ते योजनेच्या माणसाला विचारले, आणि त्या माणसाचे फोन येणे थांबले. बिटकॉइन घ्यावे की नाही, याबद्दल आम्ही त्याला काही सांगितले नाही. भाव वरखाली होतात आणि ते भाकीत करणे आमचा विषय नाही. राखण कशी करावी एवढे मात्र आता त्याला सांगता येते.

मुलीला लिहिलेले ते पत्र दोन पाने झाले. मूळ बारा शब्दांचे, आणि त्यावरची टीका दोन पानांची. मराठीत हे काही नवीन नाही. दर वर्षी मळणी झाल्यावर लाख तपासायची, पत्रा पाहायचा आणि पत्र पुन्हा वाचून जुने झालेले दुरुस्त करायचे, असे ठरवले आहे. मूळ इंग्रजीत आहे. टीका मराठीत.